खोली तापली, उठा!

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, निफाड, या पट्ट्यात ज्यांचं स्वतःचं प्रीकूलिंग, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करायची सोय, आणि कोल्ड स्टोरेज आहे, त्यांना सध्या रात्रीची झोप कशी लागते, हे मी सांगायला नको. आज बोलायचंय एका छोट्या डब्याबद्दल. टिफिनएवढा असतो. भिंतीवर ठोकायचा, त्यात मोबाईलचं सिम घालायचं आणि त्याचा सेन्सर कोल्ड स्टोरेजच्या खोलीत सोडायचा. तापमान आपण ठरवलेल्या आकड्याच्या वर चढलं की हा डबा फोन करतो. मेसेज नाही बरं का, फोन करतो. रिंग वाजते.

मेसेजचं काय होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. पहाटे चारला आलेला इशारा सकाळी सातला दिसतो, तोही गुड मॉर्निंगच्या चाळीस फुलांखाली. ही फुलं पाठवणाऱ्यांना एकदा बागेत आणून घडांची विरळणी करायला लावली पाहिजे, दुपारी बारा वाजता. असो.

आमच्या मामांची गोष्ट सांगतो. निफाड तालुक्यात त्यांची बाग आहे आणि बागेला लागूनच दोन खोल्यांचं कोल्ड स्टोरेज. त्यांनी हा डबा बसवला तेव्हा त्यात कारखान्यातूनच भरलेला आवाज होता. कुणीतरी बाई इंग्रजीत काहीतरी सांगायच्या. चाचणीसाठी फोन लावला, मामांनी उचलला, दोन शब्द ऐकले आणि "नको, आम्हाला लोन नको" म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यांचं तरी काय चुकलं? दिवसभरात असले रेकॉर्ड केलेले फोन इतके येतात, की माणूस खऱ्या आवाजावरही विश्वास ठेवेनासा झालाय.

या डब्यांमध्ये आपला आवाज भरता येतो. बटण दाबून धरायचं आणि दहा-पंधरा सेकंद बोलायचं. मामा म्हणाले, मी नाही बोलणार, मला लाज वाटते. मग मामी पुढे झाली. तिने पदर खोचला, डब्यासमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, उठा. खोली तापली. आधी उठा, मग काय ते बोला." झालं. तेच कायम केलं.

मार्चमधली रात्र होती. खोलीत निर्यातीचा माल भरलेला, दुसऱ्या दिवशी कंटेनर न्हावा शेवाला निघायचा होता. रात्री दोनच्या सुमाराला मामांचा फोन वाजला. अर्धवट झोपेत त्यांनी उचलला, तर कानात मामीचा आवाज, "अहो, उठा. खोली तापली." मामांनी वळून पाहिलं, तर मामी शेजारी गाढ झोपलेली. मामा घाबरले. फोनमध्येच विचारायला लागले, "अगं, तू कुठून बोलतेस?" तिकडून उत्तर, "आधी उठा, मग काय ते बोला." या गडबडीने मामी जागी झाली आणि तीही तेच म्हणाली, "अहो, बोलताय काय, उठा!"

मामा बॅटरी घेऊन धावले. रखवालदार खाटेवर, अंगणातला दिवा लख्ख चालू. तो म्हणतो, "मालक, लाईट आहे की!" लाईट होतीच. पण डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा, एका फेजचा फ्यूज उडाला होता. तीनपैकी दोन फेज चालू, म्हणून दिवा चालू. कॉम्प्रेसर मात्र दोन फेजवर चालवला तर मोटर जळते, म्हणून पॅनेलमधल्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरने तो बंद केला होता. त्याचं काम त्याने चोख केलं. पण रखवालदाराला दिव्यावरून सगळं आलबेल वाटत होतं. डब्याचा चार्जरही नेमका चालू फेजवर, त्यामुळे डब्याच्या दृष्टीनेही वीज गेलेली नव्हती आणि वीज गेल्याचा इशारा त्याने दिला नाही. कळलं ते फक्त खोलीतल्या सेन्सरमुळे. तापमान एक अंशावरून चढत चार अंशांच्या वर गेलं आणि मामी बोलली.

जनरेटर लावला, माल वाचला. सकाळी वायरमनने फ्यूज टाकला, त्याला मामांनी मिसळ खिलवली. साधी, टपरीवरची. आताशा नाशिकला मिसळ खायची तर आधी झोपाळे, मग बाग, मग घसरगुंडी आणि शेवटी तर्री. मला ते काही पटत नाही. आणि लग्नकार्यात मामी दिसली की लोक अजून विचारतात, "काय मामी, खोली तापली का?"

तर मंडळी, मुद्दा लक्षात घ्या. वीज गेल्याचा इशारा पुरत नाही. तापमानाचा इशारा हवा. पुन्हा सांगतो, तापमानाचा हवा. मामांनी नंतर आणखी एक गोष्ट केली. पॅनेल ट्रिप झाला की जो कॉन्टॅक्ट बदलतो, त्याच्या दोन वायरी डब्याच्या अलार्म इनपुटला जोडून घेतल्या. आता खोली तापायची वाट न पाहता, कॉम्प्रेसर बंद पडताच फोन येतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. त्या दोन वायरींत करंट नसलेला, कोरा कॉन्टॅक्ट लागतो. चुकून मेन लाईन जोडली तर डबा गेला.

बाकीचं भराभर सांगतो. डबा खोलीच्या बाहेर लावा. खोलीच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे आत फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, आत रेंज येत नाही. आत जाईल ती फक्त सेन्सरची वायर. सेन्सर ब्लोअरच्या झोतासमोर नको आणि दाराजवळही नको. क्रेटच्या उंचीवर, परतीच्या हवेत, म्हणजे ब्लोअरकडे परत जाणाऱ्या हवेत ठेवा. द्राक्षाची खोली शून्य ते एक अंशावर असेल तर इशारा चार अंशांवर लावा आणि पंधरा-वीस मिनिटांचा डिले द्या, म्हणजे तेवढा वेळ तापमान वर राहिलं तरच फोन जाईल. नाहीतर माल भरताना दार उघडलं किंवा डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणं, सुरू झालं, की प्रत्येक वेळी फोन.

सिम घेताना डबा कोणता आहे ते बघा. डबा २जी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. सिमचा रिचार्ज संपला की डबा मुका. म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आतली बॅटरीही दोन-तीन वर्षांत दम सोडते, ती बदला.

नंबर भरताना पहिला नंबर मालकाचा नको, जो जवळ राहतो त्याचा हवा. मालक नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आणि खोली निफाडला, तर पहिला फोन मालकाला जाऊन उपयोग काय? रखवालदाराला चांगला पगार द्या, त्याचा नंबर पहिला घाला. ज्यांचे नंबर घातलेत त्या सगळ्यांच्या फोनमध्ये डब्याचा नंबर नावाने सेव्ह करा आणि रात्री फोन सायलेंटवर असला तरी त्या एका नंबराची रिंग वाजेल, अशी सेटिंग करून घ्या. घरातली कॉलेजात जाणारी पोरं हे दोन मिनिटांत करतात.

आणि महिन्यातून एकदा सेन्सर बाहेर काढून मुठीत धरा. डिलेची वेळ संपेपर्यंत धरायचा, आणि यादीतल्या प्रत्येकाला फोन आला का, ते विचारायचं. शक्यतो ही चाचणी दुपारी जेवणानंतर घ्या, सगळे डुलक्या घेत असतात तेव्हा.

नमस्कार.