एक दिंडी, दोन पंगती

(दृश्य: दिवे घाट, भर दुपार. आधी टाळांचा आवाज, मग माणसं.)

माउलींची पालखी दिवे घाट चढू लागली की वरून बघणाऱ्याला सुटा माणूस दिसतच नाही. टोप्या, पताका, बायकांच्या डोक्यावरच्या तुळशी, सगळं मिळून एकच काहीतरी वर सरकत असतं. ड्रोन आल्यापासून वारी आपण बहुतेक याच उंचीवरून बघतो.

इरावती कर्वे ही वाट पायी चालल्या.

(दृश्य: डेक्कन कॉलेजची दगडी इमारत.)

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावदी नदीवरून हे नाव. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात, हुजूरपागेत. पुढे महर्षी कर्व्यांच्या घरात सून म्हणून आल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र, समाजशास्त्र शिकवू लागल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक. पुणेकरांना संशोधनाआधी ही स्कूटर आठवते, त्याला इलाज नाही.

महाभारतावरच्या ‘युगान्त’ या पुस्तकामुळे त्या घरोघरी पोचल्या. त्याला १९६८ चं साहित्य अकादमी पारितोषिकही मिळालं. आज मात्र महाभारत बाजूला ठेवू.

(दृश्य: जुनी मोजमापाची उपकरणं, वह्यांची पानं.)

१९२८ च्या सुमारास त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं बडं नाव. पुढे नाझी राजवटीत हेच बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो, त्याचा वंशाशी संबंध लागतो का, हे इरावतीबाईंना तपासायचं होतं. गोऱ्यांचं श्रेष्ठत्व त्यातून सिद्ध होईल, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच तोंडावर.

मोजण्याची ही शिस्त त्या घरी घेऊन आल्या. पुढची कित्येक वर्षं गावोगाव फिरून माणसांची मापं घेतली, नातेसंबंधांचे शब्द टिपले, कोणाची सोयरीक कुठे होते ते विचारलं. एका व्यवसायाची मूळची एकच जात असावी आणि नंतर तिच्या पोटजाती पडल्या असाव्यात, हे तेव्हाचं सर्वमान्य मत त्यांना पटेना. महाराष्ट्रातलेच कुंभार घ्या, त्या म्हणत. सगळ्यांना नाव एकच, पण चाकं वेगळी, मडकं घडवायची रीत वेगळी आणि आपसांत रोटीबेटी नाही. हे एका घरातून फुटलेले भाऊ नव्हेत, मुळात निरनिराळे गट आहेत. गोधडीसारखं म्हणा हवं तर. तिचे तुकडे एका कापडातून फाटलेले नसतात, ठिकठिकाणचे आणून शिवलेले असतात.

हे सगळं विद्वानांसाठी लिहिलं. वारीवर लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख मात्र साध्या, बोलत्या मराठीत आहे.

(दृश्य: पालखीमार्ग. भाकऱ्या थापणारे हात. अभंग दुरून.)

जुन्नर, सातारा, मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, अशा कुठकुठल्या भागांतली माणसं तिथे भेटली. प्रत्येकाची बोली निराळी, पण ओठावर अभंग तेच. ज्या देशाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या आपल्याला सापडल्याचं त्या आनंदाने लिहितात. ही व्याख्या नंतर पुष्कळांनी उचलली. भाषणांत तर ती हमखास येते.

त्याच लेखातलं दुसरं निरीक्षण भाषणांत येत नाही. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठे होते. दिवसभर बरोबर चालायचे, बरोबर गायचे. मुक्कामावर पोचलं की चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. आंघोळ करूनच सगळे जेवत, तेव्हा स्वच्छतेची सबबही सांगता येत नव्हती. संतांची वाणी एकत्र म्हणायची ती फक्त परलोकात एक होण्यासाठी का, हा प्रश्न वाटभर त्यांच्या डोक्यात होता. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणाने विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं झालं. चुलींसाठी कोणी उपोषणाला बसलं नाही.

एक दिवस इरावतीबाई मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ हं, असंही काहीजणी म्हणाल्या.

त्यावर एका तरुण पोरीने विचारलं, आत्ता वागता तशाच तेव्हाही वागाल ना?

तो प्रश्न काळजाला लागला, असं बाई लिहितात. हजारो वर्षं शेजारी राहिलो, तरी त्या आमच्या झाल्या नाहीत आणि आम्ही त्यांच्या नाही.

(दृश्य: संध्याकाळ, पालखीतळ. टाळ थांबलेले. एकेक चूल पेटते आहे.)