खुंटीवरची पिशवी

नमस्कार श्रोतेहो.

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मी मंडईत मेथीच्या दोन जुड्या घेऊन उभी होते. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "पिशवी आणलीय का, ताई?" पिशवी होती, जाड कापडाची, स्वच्छ धुतलेली, पण घरी, स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीवर. मावशींनी मांडीखालची पातळ कॅरीबॅग ओढली, फुंकर मारून उघडली आणि जुड्या आत कोंबल्या. मी मुकाट्याने घेतली.

महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर २०१८ सालीच बंदी आली. हे मला ठाऊक आहे, मावशींनाही. मग अडतं कुठे?

माझी आई बाजाराला निघायची ती पिशवी काखोटीला मारूनच. दुधाला किटली, तेलाला बरणी. 'पर्यावरण' हा शब्द तिच्या तोंडी कधी ऐकला नाही. दुकानात पिशवी मिळतच नसे, म्हणून घरून न्यायची, इतकं ते साधं होतं. आज ती जागेवर मिळते, आणि फुकट मिळते. म्हणजे, आपल्याला तसं वाटतं.

त्याचे पैसे कोण भरतं, ते मी आमच्या जिन्यात पाहिलं. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा गोळा करतात. आमच्याकडे येणाऱ्या ताई पायरीवर बसून कुणाचीतरी गाठ मारलेली पिशवी सोडत होत्या. भाताची शितं, चहाचा चोथा, त्यातून दुधाच्या पिशव्या निवडून बाजूला. एवढ्यात फुटक्या कपाची कपची बोटात गेली. त्यांनी बोटाला पदर गुंडाळला आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

ओला-सुका वेगळा द्यायचा, हा नियम २०१६ चा. आमच्या सोसायटीच्या फलकावर तो लावलेलाही आहे. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्याच डब्यांकडे पाहिलं. ओल्याचा ओट्याखाली, सुक्याचा पार गॅलरीत. रात्री दहाला भांडी आवरून दमलेलं माणूस दुधाची पिशवी घेऊन गॅलरीपर्यंत जात नाही, हातासरशी जवळच्या डब्यात टाकतं. याला आळस म्हणणं मला पटत नाही. दोन्ही डबे शेजारी ठेवले, आणि आठवड्याभरात मुलंही न सांगता बरोबर टाकू लागली.

बसचंही तेच. थांब्यावर अर्धा तास ताटकळलेल्या माणसाला प्रदूषणावर काय सांगायचं? बस वेळेवर आली, तर तो दुचाकी घरी ठेवील.

मंडईच्या पिशवीने मात्र मला बरंच दमवलं. गाडीच्या डिकीत ठेवून पाहिली. भाजी घरात ओतली की ती घरातच राहायची. आता ती किल्लीच्या खिळ्यावर, किल्लीच्या वरून अडकवते. गाडीची किल्ली घ्यायची, तर आधी पिशवी हातात येते.