रिळावरची एक रात्र

[पडदा काळा. टेपची बारीक सरसर. मग फिरणारं रीळ, अगदी जवळून.]

हे नाग्रा. स्विस बनावटीचं, खांद्याला अडकवून नेता येईल असं टेप रेकॉर्डर. पाव इंच रुंदीची टेप आणि तिच्यावर दोन ट्रॅक, एक डावा, एक उजवा. बस्स. ८ मे १९७७ च्या रात्री या जातीच्या मशीनवर जे उतरलं, त्यावरून रसिकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची ही सगळ्यात चांगली मैफल, की नुसतीच सगळ्यात गाजलेली?

[इथाका. दगडी इमारत, बाहेरून. दार उघडतं. आत रिकामा हॉल.]

न्यूयॉर्क राज्यातलं इथाका. कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा उभा राहिला तो विद्यार्थ्यांच्या लष्करी कवायतीसाठी. गाण्याबजावण्याचा विचार बांधणाऱ्यांच्या डोक्यात नव्हता. वर लोखंडी कैच्या, खाली धावपट्टी. इथे एक टाळी वाजवून बघू.

[टाळी. आवाज घुमत राहतो.]

आता इथे दोन ड्रमर, दोन गिटार, बास, पियानो आणि तीन गळे सोडा. नुसता गलका व्हायला हवा. टेपवर मात्र झांजेची किणकिणसुद्धा वेगळी ऐकू येते.

त्या रात्रीचं चित्रीकरण आमच्या हाती नाही. त्यामुळे बँड या फिल्ममध्ये दिसणार नाही, ऐकू येईल. हेडफोन असतील तर लावा.

[जुनी कॅसेट. खोक्यावर बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची यादी.]

पूर्वार्ध आम्ही लवकर आटोपतो, कारण तो साधारणच आहे. बँड चांगला वाजवतोय, मधूनच गायिका डोना जीन गॉडशॉ यांचा सूर किंचित वर चढतो, गिटारवादक-गायक बॉब वीअर गावरान ढंगाची गाणी झपाझप उरकतात. वर्षाच्या सुरुवातीला निर्माता कीथ ओल्सन यांनी स्टुडिओत या मंडळींकडून कसून तालीम करून घेतली होती. ती शिस्त ठेक्यात जाणवते. ड्रमर बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत. पण जॅम बँड, म्हणजे मंचावरच गाणं वाढवत नेणारा बँड, ऐकायला येणारा माणूस शिस्तीसाठी येत नाही. तो येतो शिस्त कुठे सुटते आणि सुटल्यावर कोण कोणाला सावरतं, हे ऐकायला.

तेव्हा थेट उत्तरार्ध.

[ध्वनिलहरींचा आलेख, डावीकडून उजवीकडे सरकतो.]

सुरुवातीला गाणं नाहीच. पुढच्या रांगांतली माणसं मंचावर चेंगरली जात आहेत आणि बँड त्यांना एक पाऊल मागे व्हायला सांगतोय. मागे व्हा, अजून एक पाऊल मागे. हे कापून टाकता आलं असतं. टेपवर ते राहिलं, म्हणून गर्दी किती होती ते आज आकड्याविनाही कळतं.

मग ‘स्कार्लेट बिगोनियाज’. त्याच्या शेपटीला जोडून ‘फायर ऑन द माउंटन’. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या वर. दोन्ही गाणी बी या स्वरात, म्हणजे पेटीवरची पांढरी सात. षड्ज तोच राहतो, म्हणून सांधा बेमालूम बसतो. आलेख बघा. इथे पहिलं गाणं चालू आहे. इथे दुसरं चालू आहे. मधल्या पट्ट्यात बोट ठेवा आणि सांगा, पहिलं नेमकं कुठे संपलं? आम्ही संकलनाच्या टेबलावर तिघंजण होतो, तिघांनी तीन जागा दाखवल्या.

‘फायर’ तेव्हा बँडसाठी कोवळं होतं. मंचावर येऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते. दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), बी आणि ए, झोपाळ्यासारखे मागेपुढे. इतक्या कमी सामानावर पंधरा मिनिटं काढायची म्हणजे एक तर कंटाळा, नाहीतर बढत. बँडचे मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया दुसरी वाट धरतात. त्यांच्या गिटारला एक फिल्टर जोडलेला आहे. तार हलकी छेडली की आवाज मिटलेला राहतो, जोरात छेडली की तोंड उघडल्यासारखा फाकतो. नीट ऐका. पहिल्या तुकड्यात ते तार जवळजवळ कुरवाळतात. दुसऱ्यात थोडं तोंड उघडतं. तिसऱ्यात गिटार बोलायला लागते. सूर फारसे बदललेले नाहीत, बोटांचा दाब बदललाय. खाली फिल लेश यांचा बास एकदाही उतावीळ होत नाही.

[तबल्याची जोडी. एका हाताची बोटं शाईवर.]

हे चित्र इथे चुकून आलेलं नाही. या गाण्याच्या चालीचं मूळ १९७६ च्या ‘दिगा’ या रेकॉर्डवर सापडतं. दिगा ऱ्हिदम बँड म्हणजे मिकी हार्ट, आपले झाकिर हुसेन आणि आणखी काही तालवादक. हार्ट यांनी उस्ताद अल्लारखांकडे लयीचे धडे घेतलेले. त्या रेकॉर्डवर ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या तुकड्यात गार्सियांची गिटार आहे. पुढे त्या तुकड्याला शब्द मिळाले आणि तो बार्टन हॉलपर्यंत पोचला. त्यानंतरचं ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सात मात्रांत चालतं. रूपक मोजायची सवय असेल त्यांनी मोजून बघावं. अमेरिकन श्रोते बहुधा न मोजता नाचत होते, आणि तेही काही चुकीचं नाही.

[मशीन पुन्हा. हेडफोन. आवाजाची पातळी दाखवणारा काटा थरथरतो.]

आता ज्यांच्यासाठी ही फिल्म केली त्यांच्याकडे वळू. बेटी कॅन्टर-जॅक्सन. बँडच्या ध्वनिमुद्रक. त्या काळी मैफलींच्या यंत्रसामग्रीपाशी बाई दिसणं दुर्मीळ होतं.

आज चोवीस, अठ्ठेचाळीस ट्रॅक वेगळे घेतात आणि नंतर निवांत बसून मिसळतात. पियानो मागे पडला? पुढे ओढा. दोन ट्रॅकवर ती सोय नसते. पियानो किती, बास किती, कुठला ड्रम डाव्या कानात, हे सगळं वाजता वाजता ठरवायचं. टेपवर गेलं ते गेलं. भाजीत मीठ जास्त पडलं तर निदान बटाटा घालता येतो, इथे तेही नाही. शिवाय साडेसात इंच प्रतिसेकंद या वेगाने बाराशे फुटांचं रीळ जेमतेम ३२ मिनिटं पुरतं. मंचावर सव्वीस मिनिटांचा गुंफलेला तुकडा निघाला, तर रीळ मध्येच संपणार नाही ना, हा हिशेबही डोक्यात चालू ठेवायचा.

काटा बघा. लाल पट्ट्याच्या अलीकडे. ‘सेंट स्टीफन’मधून ‘नॉट फेड अवे’, तिथून परत ‘सेंट स्टीफन’, आणि मग लय एकदम संथ. ‘मॉर्निंग ड्यू’. कॅनडाच्या बॉनी डॉबसन यांचं गाणं, अणुयुद्धानंतरच्या सकाळी कुणीतरी कुणालातरी विचारलेले प्रश्न. सुरुवातीला गार्सिया जवळजवळ कुजबुजतात. शेवटी एका हाताने तारांवर इतक्या वेगाने झंकार करतात की वेगवेगळे आघात ऐकूच येत नाहीत. या दोन टोकांमधलं अंतर टेपवर शाबूत आहे. कुजबुज सरसरीत बुडत नाही, शेवट फाटत नाही. वाजवलं बँडने, पण हे अंतर बेटींनी जपलं.

[निवेदन थांबतं. फक्त रीळ आणि ‘मॉर्निंग ड्यू’चा शेवट.]

[गोदामाची रांग. पत्र्याची शटर्स. कुलूप.]

१९८० च्या दशकात बेटी आर्थिक अडचणीत सापडल्या. त्यांच्या हजारभर टेप भाड्याच्या गोदामात ठेवलेल्या होत्या. भाडं थकलं. १९८६ मध्ये सामानाचा लिलाव झाला आणि रिळं वेगवेगळ्या हातांत गेली. काही रसिकांकडे, काही अशा ठिकाणी जिथे ओलीने टेपला बुरशी चढली. ती एकेक करून साफ करावी लागली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या बँडचे श्रोते मैफलीत स्वतः ध्वनिमुद्रण करत. १९८४ पासून बँडने त्यांना हॉलमध्ये वेगळी जागाच दिली. कॅसेटची देवाणघेवाण चाले, विकायची नाही हा अलिखित नियम. कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवा, भरून मिळेल. पण प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, प्रत्येक वेळी सरसर वाढते. अशा खरखरीच्या बाजारात लिलावानंतर बेटींच्या टेप आल्या, स्वच्छ, कोरड्या, प्रत्येक वाद्य जागच्या जागी. कॉर्नेलची कीर्ती तिथून फोफावली.

आमचं मत विचाराल तर याच वसंतात या बँडने इतरही रात्री असंच वाजवलं. आदल्या रात्री बॉस्टन, दुसऱ्या रात्री बफेलो. कॉर्नेलचं ‘स्कार्लेट’ आणि ‘ड्यू’ त्यांच्याहून वरचढ आहेत, पूर्वार्ध नाही. पण पन्नास वर्षांनी परीक्षण करायचं ते टेपचंच, आणि टेप म्हणून ही रात्र पहिली.

[संगणकाचा पडदा. टेपच्या गतीची डुगडुगणारी रेघ सरळ होत जाते.]

२०११ च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेवा म्हणून घेतलं, आणि २०१७ मध्ये टेपच्या गतीतला हेलकावा काढून ते अधिकृतपणे बाजारात आलं, ध्वनिमुद्रक म्हणून बेटींच्या नावासह.

[शेवटचं रीळ.]

एन्कोर, म्हणजे श्रोत्यांच्या आग्रहाचं शेवटचं गाणं. रविवारची रात्र, अमेरिकेतला मातृदिन, आणि वीअर गातात ‘वन मोअर सॅटरडे नाइट’. कॅलेंडर कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा कुणाला पर्वा नव्हती. टाळ्या. दारं उघडतात. मे महिना असूनही बाहेर बर्फ पडतोय.

[टेपचं टोक रिळावरून सुटतं. फट्, फट्, फट्. एक हात येतो, बटण दाबतो.]