ब्रेस्टस्ट्रोक हा उरलेल्या पोरींचा स्ट्रोक नाही

पोहायला येणाऱ्या पोरींच्या घरच्यांशी मला आज एकाच विषयावर बोलायचंय, बाकी डाएट, कॉस्च्युम, क्लोरीनने केस खराब होतात का वगैरे सगळं नंतर विचारा, बसून उत्तरं देईन.

आपल्याकडे उन्हाळी बॅच सुरू झाली की आठ-दहा दिवसांत पोरींची वाटणी होऊन जाते. उंच आहे, हात लांब आहेत, टाक फ्रीस्टाइलला. खांद्यात जोर आहे, बटरफ्लायला. पाठीवर नीट तरंगते, बॅकस्ट्रोकला. आणि मग ज्या उरल्या त्या ब्रेस्टला, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहायच्या त्या ब्रेस्टस्ट्रोकला. जळगाव म्हणा, भुसावळ म्हणा, धुळे म्हणा, सगळीकडे हेच बघितलंय मी. आणि नंतर त्या पोरीची आई दुसऱ्या आईला सांगते ना की आमची काय, ब्रेस्टलाच आहे, तेव्हा तिचा आवाज जरा खाली गेलेला असतो. मला याचं फार वाईट वाटतं, खरंच सांगते.

का होतं असं? तर हा सगळ्यात हळू स्ट्रोक आहे म्हणून. ते खरंच आहे. बायकांच्या २०० मीटर फ्रीस्टाइलचा वर्ल्ड रेकॉर्ड १ मिनिट ५२.२३ सेकंद, ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅरिआर्न टिटमसचा. तेच २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला रशियाच्या येवगेनिया चिकुनोवाने २०२३ साली केले २ मिनिटं १७.५५ सेकंद. म्हणजे पंचवीस सेकंदांचा फरक. आता याच्यावरून लोक म्हणतात हळू आहे म्हणजे सोपा आहे, आणि इथेच सगळा घोळ आहे.

हळू का आहे ते बघा. फ्रीस्टाइलला हात पुढे न्यायचा तर तो हवेतून जातो, पाणी आडवं येत नाही. ब्रेस्टला हातसुद्धा पाण्यातूनच पुढे न्यायचे आणि पायसुद्धा पाण्यातूनच ओढून घ्यायचे, आणि पाय ओढून घेताना मांड्या पाण्याला आडव्या येतात, त्या क्षणाला वेग जवळजवळ मरतो. मग किक बसते, परत वेग येतो, परत मरतो. सायकल चालवताना दर दोन पॅडलनंतर स्वतःच ब्रेक दाबायचा, तसं आहे हे. म्हणून ब्रेस्टवाल्या पोरीचं खरं काम जोर लावणं नाहीये, तो ब्रेक कमीत कमी लागेल हे बघणं आहे. गुडघे फार फाकवायचे नाहीत, टाचा मागे कुल्ल्यांकडे ओढायच्या, पंजे बाहेर वळवायचे, किक मारली की पाय पूर्ण जुळवायचे, डोकं हातांच्या मध्ये घालायचं, आणि मग, हे सगळ्यात अवघड, काहीच करायचं नाही. सरकत राहायचं. ग्लाइड. आपल्या पोरींना नेमकं तेच जमत नाही कारण वरून आपण ओरडत असतो मार मार मार.

आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा बांधून, डोकं वर ठेवून, गुडघे चांगले फाकवून. पाण्याची भीती जाते, उत्तम आहे, पण ती किक एकदा अंगात बसली की काढायला पूर्ण सीझन जातो. पोरींचा तोही प्रश्न येत नाही म्हणा, कारण पोरी बहुतेक वेळा काठावर भावाचे कपडे सांभाळत बसलेल्या असतात.

आता बार्सिलोनाची गोष्ट सांगते, कारण माझं म्हणणं त्या एका रेसमध्ये सगळं आलंय. २०१३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, बायकांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. डेन्मार्कची रिक्के मोलर पेडरसन, वय २४. सेमीफायनलला ती पोहली २ मिनिटं १९.११ सेकंद, थेट वर्ल्ड रेकॉर्ड. त्याच्या आधीचा रेकॉर्ड अमेरिकेच्या रेबेका सोनीचा, आदल्याच वर्षीचा, लंडन ऑलिम्पिकचा, २:१९.५९, आणि सोनी ही दोन मिनिटं वीसच्या आत येणारी पहिली बाई. पेडरसनने तो जवळजवळ अर्ध्या सेकंदाने मोडला. दुसऱ्या दिवशी फायनल. जिंकली कोण? रशियाची युलिया एफिमोवा, २:१९.४१ मध्ये. आणि पेडरसन २:२०.०८, सिल्व्हर.

म्हणजे बघा, आदल्या दिवशी जशी पोहली होती तशीच नुसती परत पोहली असती तरी गोल्ड तिचं होतं. जेमतेम एका दिवसात ९७ शतांश सेकंद वाढले. चार लेंग्थमध्ये, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतच्या चार फेऱ्यांत, वाटले तर एका लेंग्थला पाव सेकंदसुद्धा येत नाही. वरून बघणाऱ्या कुणालाही तो पाव सेकंद दिसत नाही. पण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तो असाच जातो, ग्लाइड एवढासा कमी झाला, किकनंतर पाय जुळायला एवढासा उशीर झाला, श्वास घेताना डोकं दोन बोटं जास्त वर आलं, हात लवकर उघडले. ताकद कमी पडते असं नाही, आकार बिघडतो. फ्रीस्टाइलला थकलेली पोरगी रेटून नेऊ शकते, ब्रेस्टला जितकं रेटाल तितका ब्रेक जास्त लागतो. आणि पेडरसनचा तो सेमीफायनलचा रेकॉर्ड पुढे आठ वर्षं कुणाला मोडता आला नाही, २०२१ ला टोकियोत दक्षिण आफ्रिकेच्या तातयाना शूनमाकरने २:१८.९५ केले तेव्हा कुठे मोडला. त्या आठ वर्षांत जगातली सगळ्यात फास्ट वेळ पेडरसनच्या नावावर, आणि त्या रेसचं गोल्ड एफिमोवाच्या नावावर.

एफिमोवाचं नाव घेतलं की कुणीतरी डोपिंगचं विचारतंच, म्हणून आधीच सांगते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं, १६ महिने सस्पेंड होती. बार्सिलोनाची रेस त्याच्या आधीची, ते गोल्ड तसंच राहिलं. मी तिची बाजू घेत नाहीये, पण पेडरसनला गोल्ड का मिळालं नाही याचं उत्तर तिच्या स्वतःच्या दोन दिवसांच्या दोन वेळांतच दिसतं.

दुसरी गोष्ट टचची, म्हणजे भिंतीला हात लावायची. २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची फायनल. गोल्ड तातयाना स्मिथ, ही तीच शूनमाकर, लग्नानंतर आडनाव बदललं, वेळ १:०५.२८. चीनची तांग छियानतिंग १:०५.५४. आयर्लंडची मोना मॅकशॅरी १:०५.५९, ब्राँझ. आणि चौथ्या नंबरवर दोघी एकदम, इटलीची बेनेदेत्ता पिलातो आणि अमेरिकेची लिली किंग, १:०५.६०. एक शतांश! त्या स्पीडला एक शतांश सेकंद म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर. बोटाचं एक पेरसुद्धा नाही. लिली किंगकडे १०० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड आहे बरं का, २०१७ चा, १:०४.१३. ती चौथी आली.

आणि हा टच दोन्ही हातांनी एकाच वेळी लागतो, नियमच आहे. एक हात आधी लागला की रेफरी डिसक्वालिफाय करणार, टर्नला असो नाहीतर फिनिशला. आपल्याकडच्या शालेय स्पर्धेत मी स्वतः बघितलंय, पोरगी दोन बॉडी पुढे होती, टर्नला घाईघाईत एकच हात भिंतीला लावून वळली, आणि वर बाप टाळ्या वाजवतोय, त्याला कळलंच नाही की पोरगी रेसमधून कधीच बाहेर गेली. बाहेर आल्यावर ती रडत होती आणि बाप अधिकाऱ्यांशी भांडत होता. दादा, भांडू नका, नियम शिकून घ्या. स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली हातांचा एक पूर्ण ओढा मांडीपर्यंत चालतो, एक डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखी मारलेली, चालते, मग ब्रेस्टची एक किक, आणि वर यायचं. दुसरी डॉल्फिन किक मारली की गेलं. हे घरी जेवताना पोरीला विचारत जा, पाढ्यांसारखं पाठ पाहिजे.

मागच्या वर्षी पारोळ्याकडची एक आजी नातीला सोडायला यायची, ती मला म्हणाली, माय, पोर पोहीसन काय करी? मी तिला दोन बायकांची गोष्ट सांगितली.

एक आपली, आरती साहा, कलकत्त्याची. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला गेली तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि पोहली कोणती रेस? २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. मुंबईची डॉली नझीर पण तिथे ब्रेस्टस्ट्रोक पोहली. पुढे १९५९ ला आरतीने इंग्लिश खाडी पार केली, आशियातली पहिली बाई, आणि १९६० ला पद्मश्री.

दुसरी जपानची, हिदेको माएहाता. घरी टोफू बनवायचा धंदा, पोहायला शिकली ती गावाजवळच्या कि नदीत. १९३२ ला लॉस एंजेलिसला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाने गोल्ड हुकलं. चार वर्षं परत तेच काम, आणि १९३६ ला बर्लिनमध्ये ३:०३.६ ने गोल्ड, जपानच्या बाईचं ऑलिम्पिकमधलं पहिलं. रेडिओवर कॉमेंट्री करणारा माणूस शेवटी रेस सांगायचंच विसरला, नुसता ओरडत राहिला, माएहाता गानबारे, माएहाता गानबारे, म्हणजे लढ बाई लढ.

आजी म्हणाली, नदी ते आपलीबी शे. आहेच की. तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे, कानबाईच्या विसर्जनाला आपण बाया नदीत उतरतोच, गुडघ्यापर्यंत. त्याच्यापुढे जायला मात्र पोरीला शिकवणारं माणूस आणि रोजचं पाणी पाहिजे. तलाव मेमध्ये गच्च आणि जूनला शाळा लागली की पोरी गायब, असं करून ब्रेस्टस्ट्रोक येत नाही. त्याची किक घोट्यात आणि गुडघ्यात हळूहळू बसते, वर्षभर.

तर तुम्हाला माझं एकच काम आहे. उद्यापासून स्टँडमध्ये बसाल तेव्हा मोबाइलमधलं स्टॉपवॉच बंद ठेवा. स्ट्रोक मोजा. भिंत सोडून वर आल्यापासून समोरच्या भिंतीला हात लागेपर्यंत पोरीचं डोकं किती वेळा वर आलं ते मोजायचं, बस. पहिल्या लेंग्थला बारा आले आणि चौथ्याला अठरा, तर ती दमल्यावर घाई करतेय, ग्लाइड सोडतेय. बारा, बारा, तेरा, तेरा आले तर वेळ कितीही लागू दे, पोरगी बरोबर चाललीय, तिला काही बोलू नका. चारही आकडे वहीत लिहा, तारीख टाका, शनिवारी मला आणून दाखवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांना सांगा, पण मोजायचं तुम्हीच.