साहेबाच्याच रेडिओवर साहेबाची खिल्ली

नमस्कार, श्रोतेहो.

ब्रिटनमध्ये १९२२ साली बीबीसीचा रेडिओ सुरू झाला, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त बिचकले ते विनोदी नट. त्यांचं बिचकणं खोटं नव्हतं. म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाण्या-नकलांच्या नाट्यगृहांत, फिरणाऱ्या नटाला दहा-बारा मिनिटांचा एक प्रवेश वर्षानुवर्षं पुरायचा. आज लीड्स, पुढच्या आठवड्यात ग्लासगो. प्रेक्षक नवे, विनोद तेच. रेडिओवर तोच प्रवेश एकदा केला की अख्ख्या देशानं ऐकला, आणि दुसऱ्या दिवसापासून धंदा बसला. त्यातून भडक कपडे, धडपडणं, डोळे मिचकावणं, यातलं काहीच मायक्रोफोनमधून पलीकडे पोचत नाही.

आणि बीबीसी म्हणजे तरी काय प्रकरण! निवेदक रात्री डिनर जॅकेट चढवून माइकसमोर बसायचे. ऐकणाऱ्याला ते जॅकेट दिसत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त. अशा घरात हसायचं कुणावर? माझं म्हणणं असं आहे की ब्रिटिश रेडिओच्या विनोदाला सूर सापडला तो या प्रश्नाच्या उत्तरात. उत्तर होतं : आपल्याच वरच्यांवर.

पहिली चुणूक १९३८ मध्ये दिसली. ‘बँड वॅगन’ नावाच्या कार्यक्रमात आर्थर आस्की आणि रिचर्ड मर्डॉक या दोघांनी असं सोंग घेतलं, की आपण बीबीसीच्या मुख्यालयाच्या माथ्यावर एका फ्लॅटमध्ये राहतो आणि सोबत एक बकरा पाळलाय. त्या गंभीर इमारतीच्या डोक्यावर बकरा! लोकांना तेवढं पुरेसं होतं.

मग युद्ध आलं. ‘इट्स दॅट मॅन अगेन’, लोकांच्या तोंडी नुसतं ‘इट्मा’, हा कार्यक्रम १९३९च्या जुलैत सुरू झाला. नावातला ‘तो माणूस’ म्हणजे मुळात हिटलर; त्याच्या रोजच्या नव्या उचापतींवर वर्तमानपत्रांत असे मथळे यायचे. टेड कॅव्हना लिहायचे, टॉमी हँडली बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे सुसाट. युद्धात सरकारनं रोज नवं खातं, नवा फॉर्म, नवी बंदी काढली होती, म्हणून हँडली झाले चीडचीड आणि गौडबंगाल खात्याचे मंत्री. त्यांच्या कचेरीचं दार सारखं उघडायचं आणि एकेक पात्र आत येऊन आपलं ठरलेलं वाक्य टाकून निघून जायचं. झाडूवाली मिसेस मॉप यायची, कुणी पाजली तर कधीच नको न म्हणणारा निवृत्त कर्नल चिनस्ट्रॅप यायचा. फुन्फ नावाचा जर्मन हेर फक्त फोनवर यायचा. त्याचा आवाज काढायला जॅक ट्रेन रिकाम्या काचेच्या ग्लासात तोंड घालून बोलायचे. बाहेर खरोखरच्या बॉम्बची भीती, आणि घरोघरी लोक फोन उचलून ‘मी फुन्फ बोलतोय’ म्हणतायत. १९४९च्या जानेवारीत हँडली वारले आणि इट्मा त्यांच्याबरोबरच संपला. त्यांच्यासाठी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये स्मरणसभा झाली. विदूषकाला हा मान सहसा मिळत नाही.

त्याच सुमारास बीबीसीनं आपल्या लेखक-निर्मात्यांसाठी एक नियमपुस्तिका काढली. कशाकशावर विनोद करायचा नाही याची ती यादीच होती : शौचालयं, बायकी पुरुष, मधुचंद्राला निघालेली जोडपी, हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या मुली, आदम-हव्वेनं लाज झाकलेली अंजिराची पानं, बायकांचे आतले कपडे, सशांच्या सवयी, भाडेकरू आणि फिरते विक्रेते. सशांचं समजू शकतो, पण फिरत्या विक्रेत्यांनी काय घोडं मारलं होतं?

आता ज्या माणसासाठी मी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. टेरेन्स मिलिगन, सगळं जग त्याला स्पाइक म्हणतं. जन्म १६ एप्रिल १९१८, गाव अहमदनगर. हो, आपलं नगर, आजचं अहिल्यानगर. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत नोकरी, हौसेनं रंगमंचावर नाचणारे-गाणारे. स्पाइकचं बालपण बरंचसं पुण्याच्या कॅम्पात गेलं, शाळा तिथल्याच कॉन्व्हेंटमध्ये. मग रंगून, आणि कुमारवयात थेट लंडनच्या दक्षिण भागातली गरिबी. छावणीत नोकरचाकर, बँड, सलाम. इकडे धुकं आणि कारखान्यातली हलकी कामं. साम्राज्याचा थाट त्यानं आतून पाहिला होता, आणि तो किती पोकळ आहे हेही.

युद्धात तो तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेत त्याच्या तुकडीची एक अजस्र तोफ धक्क्यानं मागे सरकली आणि कड्यावरून खाली गेली. खाली हॅरी सीकोम नावाचा वेल्श शिपाई वायरलेसच्या गाडीत बसला होता. मिलिगननं गाडीत डोकं घालून विचारलं, ‘इकडे कुणी तोफ पाहिली का?’ सीकोम म्हणाला, ‘कोणत्या रंगाची?’ दोघंही ही गोष्ट जन्मभर सांगत राहिले. १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोजवळ मिलिगन जखमी झाला. शरीर बरं झालं, मन पुरतं कधीच नाही.

मिलिगन आणि सीकोम यांच्या जोडीला तिसरा आला तो पीटर सेलर्स. तो हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश फिरला होता. खोट्या मिशा लावून, अधिकाऱ्याचा गणवेश चढवून तो अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये घुसायचा, असं स्वतःच सांगायचा. बीबीसीत शिरकाव होईना, तेव्हा यानं एका निर्मात्याला फोन लावला आणि दोन नामांकित कलाकारांचे आवाज काढून ‘तो सेलर्स पोरगा फार गुणी आहे हो’ अशी स्वतःचीच शिफारस केली. मग कबूलही करून टाकलं. काम मिळालं.

या तिघांचा, सुरुवातीला मायकेल बेंटाइनला धरून चौघांचा, कार्यक्रम २८ मे १९५१ रोजी सुरू झाला. त्यांना हवं होतं ‘गून शो’ हे नाव. बीबीसीनं आधी दिलं ‘क्रेझी पीपल’. असं म्हणतात, की एका अधिकाऱ्यानं तर ‘Goon’चं ‘Go On’ वाचून ‘हा गो ऑन शो काय आहे?’ असं विचारलं होतं.

गून शोमध्ये काय होतं? एका भागात नेडी सीगून नावाच्या पात्राला पाच पौंडांचं काम मिळतं : एक पियानो या खोलीतून त्या खोलीत हलवायचा. सही झाल्यावर कळतं, की पहिली खोली पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. मग तो पियानो समुद्रात लोटतो आणि त्यावरच बसून इंग्लंडला यायला निघतो. पडद्यावर हे दाखवायला जहाजभर पैसा लागला असता. इथे लाटांचा आवाज, पियानोचे चार सूर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, एवढ्यात भागलं. आवाजाबद्दल मिलिगन हट्टी होता. मोज्यात कस्टर्ड भरून ते आपटलं तर कसा आवाज येईल, यासाठी त्यानं कँटीनमधून खरंच कस्टर्ड करून घेतलं, असं सांगतात. मनासारखा आवाज आला नाही म्हणे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मेजर डेनिस ब्लडनॉक. सेलर्सच्या आवाजातला हा फौजी अधिकारी भित्रा, लाचखाऊ, रेजिमेंटच्या पैशावर डल्ला मारणारा, आणि झणझणीत करीनं कायम पोट बिघडलेला. त्याच्या पोटातला गडगडाट काढायला पुढे बीबीसीची इलेक्ट्रॉनिक ध्वनी करणारी कार्यशाळा कामाला लागली. पुण्याच्या कॅम्पात ज्या साहेबांना सलाम झडताना मिलिगननं पाहिलं, त्यांची ही परतफेड होती. शिवाय बराकीतली चावट नावं मिलिगन पात्रांना बिनधास्त द्यायचा; सैन्यातून आलेले खो खो हसायचे, नियमपुस्तिकेवाल्यांना पत्ता नसायचा. त्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी हे दोन हिंदुस्थानी गृहस्थही आहेत, हेल काढून बोलणारे. ते आज ऐकताना मी थोडा अवघडतो. साहेबावर हसणाऱ्यालाही साहेबाची सगळी सवय सुटली नव्हती.

आठवड्याला एक संहिता लिहिताना मिलिगनची तब्येत ढासळली. १९५२च्या अखेरीस त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तरी कार्यक्रम १९६० पर्यंत चालला. पुढे जन्म हिंदुस्थानातला आणि बाप आयरिश म्हणून ब्रिटिश पासपोर्टची अडचण झाली, तेव्हा ज्या देशासाठी लढला त्याला सोडून त्यानं आयरिश नागरिकत्व घेतलं. तेव्हाचे राजपुत्र, आजचे राजे चार्ल्स त्याचे निस्सीम चाहते. १९९४ मध्ये एका समारंभात त्यांचं कौतुकाचं पत्र वाचलं गेलं, आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना मिलिगननं त्यांना एक शिवी हासडली. मग फॅक्स पाठवला : आता नाइटहूड मिळणं कठीणच ना? पुढे मानद नाइटहूड मिळालंच.

बाकीचे भराभर सांगतो. टोनी हँकॉक या विनोदी नटाच्या ‘हँकॉक्स हाफ अवर’चे लेखक गॉल्टन आणि सिम्प्सन क्षयाच्या रुग्णालयात एकमेकांना भेटले होते. त्यांनी १९५८ मध्ये रविवारच्या कंटाळवाण्या दुपारवर एक भाग लिहिला. त्यात घडत काहीच नाही, सुस्कारे आणि शांतता. रेडिओवर शांतता हा विनोद! आणि ‘राउंड द हॉर्न’ या कार्यक्रमात, १९६५ पासून, ज्युलियन आणि सँडी हे दोन समलिंगी मित्र आपल्या गुप्त बोलीत धमाल करायचे, तीही रविवारी दुपारी, कुटुंबं जेवायला बसलेली असताना. तेव्हा इंग्लंडात पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता. कायदा बदलला १९६७ साली. नियमपुस्तिकेतल्या ‘बायकी पुरुषां’नी असा सूड उगवला.

शेवटचा कार्यक्रम मास्तरांवरचा. इयन मेसिटर नावाचा विद्यार्थी वर्गात खिडकीबाहेर बघत होता. मास्तरांनी फर्मावलं, मी गेल्या मिनिटात काय बोललो ते न अडखळता, पुनरुक्ती न करता सांग. पोरगं मोठं झालं आणि त्या शिक्षेचा त्यानं खेळ केला : ‘जस्ट अ मिनिट’. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं. अडखळायचं नाही, शब्द परत वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. १९६७ पासून तो चालू आहे. निकोलस पार्सन्स पन्नासहून अधिक वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीत होते. २०१२ मध्ये या मंडळींनी मुंबईत येऊन दोन भाग केले. पॉल मर्टनबरोबर आपले सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल खेळले.

घरी खेळून बघा. विषय घ्या ‘आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी’, घड्याळ लावा, आणि विषय न सोडता एक मिनिट बोला. नमस्कार.