गोळ्यांची स्ट्रिप आणि झिपवालं बायबल

सलाम सगळ्यांना. पाळकसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिलीत, आता आपल्या मंडळीत पंधरा मिनिटं म्हणजे किती ते तुम्हाला माहितीच आहे, तरी आटपते.

माझी आत्या. तिचं ते झिपवालं बायबल कव्हर, त्यात गीतांचं पुस्तक, चष्मा, दानाचं पाकीट, आणि आतल्या कप्प्यात डिप्रेशनच्या गोळ्यांची स्ट्रिप. कपाटात ठेवली तर सून बघेल, पर्समध्ये ठेवली तर महिला मंडळातल्या बायका बघतील, बायबलमध्ये कोण हात घालतंय! मग एका उपास-प्रार्थनेत तिला कुणीतरी सांगितलं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, टाकून दे. दिल्या टाकून. महिन्याभरात झोप गेली, जेवण गेलं, आणि वर हे की माझाच विश्वास कमी पडला. आजार एक होता त्याचे दोन झाले, आणि दुसरा आपण दिला.

प्रार्थनेवर माझा राग नाहीये हां, मी पण गुडघ्यावर बसणारी बाई आहे. पण बायबलमधल्या १ राजे पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला एलीया संदेष्टा बघा ना. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, एवढं सगळं घडलं, आणि लगेच रानात झुडपाखाली बसून म्हणतो बस झालं देवा, मला मरू दे. देवदूत आला तो उपदेश करत बसला नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. बोलणं नंतर.

आणि एक माणूस आहे, विल्यम कूपर, इंग्लंडचा कवी. १७६३ मध्ये नोकरीच्या एका परीक्षेच्या धास्तीने जीव द्यायला निघाला. त्याला सेंट ऑल्बन्सला डॉक्टर कॉटनच्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात ठेवलं, आणि गंमत बघा, बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं ३:२५ हे वचन वाचून त्याला ख्रिस्त भेटला तो तिथे, चर्चमध्ये नाही. पुढे ऑल्नी गावात जॉन न्यूटन त्याचा पाळक, तोच, आधी गुलामांच्या जहाजावर कॅप्टन होता तो. दोघं मिळून गीतं लिहायचे. म्हणजे आता सगळं छान व्हायला हवं ना? १७७३ मध्ये परत कोसळला, देवाने मला टाकलंय हे डोक्यात पक्कं बसलं, आणि न्यूटनच्या घरी येऊन राहिला तो जाईचना. स्वतःचं घर अगदी जवळ, तरी नाही. वर्षभराहून जास्त राहिला! पाहुणा चार दिवस जास्त राहिला तरी आपल्याकडे काय होतं ते मी बोलत नाही. न्यूटनने त्याला राहू दिलं.

आता साक्ष, म्हणजे देवाने मला कसं बरं केलं त्या गोष्टी, ऐकायची सवय असलेल्यांना पुढचं आवडणार नाही. कूपर पूर्ण बरा झालाच नाही. १८०० मध्ये वारला, तोवर परत चर्चला आला नाही. पण १७७४ मध्ये त्याला शेजाऱ्यांनी सशाचं एक पिल्लू दिलं, मग त्याने तीन रानससे पाळले, त्यांना हाताने भरवायचा, सुतारकाम करून त्यांना घरं बनवायचा, आणि त्यातून दिवस निघायचे. न्यूटनने दोस्ती सोडली नाही. मला हे एखाद्या चमत्कारापेक्षा कमी वाटत नाही, कुणाला वाटत असेल तर वाटो.

आपल्याकडे कुणी हार्टचं ऑपरेशन करून आलं की महिला मंडळ डबे नेतं, आणि मनाच्या आजारातून आलं की, 'त्यांना जरा एकटं राहू द्या'. का? डबा तोच आहे ना? सोबत डॉक्टरकडे चला, बाहेर बाकड्यावर बसा, गोळी चालू की बंद हे डॉक्टरला ठरवू द्या. आणि नोटीस बोर्डावर वाढदिवसांच्या यादीशेजारी टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लावा, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण उचलतात, मराठीत बोलतात.

आत्या परत डॉक्टरकडे जाते, स्ट्रिप अजून बायबलमध्येच असते. परवा भक्तीत शांतता होती तेव्हा तिने झिप उघडली आणि स्ट्रिप चरचरली, पुढच्या बाईने वळून बघितलं आणि तिला पाण्याची बाटली दिली.

चला, चहा आलाय. पाळकीणबाईंनी संडेस्कूलची खोली मोकळी ठेवलीय, कुणाला बोलायचं असेल तर मी तिथेच बसलेय.