वही फाटली, की फाडली?

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. शाळेचं बोलावणं आलं की अनेक आया अर्ध्या दिवसाची रजा टाकून, भरल्या लोकलमधून धावत येतात. येताना जीव टांगणीला लागलेला असतो. अशा वेळी बाईंचं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं.

एकदा सातवीतल्या मुलाने एका मुलीची विज्ञानाची वही फाडली. त्याची आई आली, आणि व्हरांड्यातच मी म्हणाले, "तुमचा मुलगा फार उद्धट झालाय." शिपाईमामा ऐकत होते, मुलं ऐकत होती. त्या माउलीने मान खाली घातली, मुलाने ओठ घट्ट मिटले. वहीचा विषय निघालाच नाही.

रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फोन केला. "ताई, काल मी तुम्हाला चारचौघांत बोलले, ते माझं चुकलं." त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "बाई, त्याने नेमकं केलं काय, ते तर सांगा."

तेच आधी सांगायला हवं होतं. 'उद्धट', 'वात्रट' हे शब्द मुलाला चिकटतात. "काल चौथ्या तासाला त्याने वहीची पानं फाडली, आपण बसून बोलू या का?" हे वाक्य कडक आहे, पण त्यात पुढे काही करायला जागा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारण्याबरोबर मुलाच्या मानसिक छळालाही बंदी घातली आहे. चारचौघांतला अपमान मुलाला छडीइतकाच लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि माफीचं म्हणाल, तर आपली मराठी फार बारकाईने बोलते. "वही फाटली" म्हटलं की कुणीच काही केलेलं नसतं. "माझ्याकडून फाटली" म्हणणारा निदान पुढे येतो. "मी फाडली" म्हणायला मात्र छाती लागते. मोठेही "वाईट वाटलं असेल तर माफ करा" म्हणून मोकळे होतात. त्या 'तर'मध्ये माफी विरून जाते. 'दिलगिरी' हा शब्द अर्जात शोभतो, लेकराच्या तोंडी नको. त्याला "चुकलं माझं" पुरतं. पण ते घोकून घेऊ नका, त्याला वेळ द्या.

त्या मुलाला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो त्या मुलीसमोर उभा राहिला. म्हणाला, "मी फाडली. मी परत लिहून देतो." आठवडाभर तो डबा खाऊन लिहीत बसायचा. तिने वही तपासली आणि एक पान त्याला पुन्हा काढायला लावलं. हृदयाच्या आकृतीत डावं-उजवं उलटं झालं होतं.

नमस्कार.